गाडी मोठी, हात नवा

माझं गॅरेज सुरतेत, उधन्याला आहे. गिऱ्हाईक निम्मं गुजराती, निम्मं आपलं खान्देशी. नवापूर, साक्री, अमळनेरकडून पोटामागे आलेल्या माणसांची दुसरी-तिसरी पिढी आता इथे कमावती झाली आहे. या पोरांच्या तोंडी सध्या एकच विषय: लांबच्या प्रवासाची मोठी बाईक. कुणाला लडाख गाठायचंय, कुणाला स्पिती. आजवर चालवलेली असते अ‍ॅक्टिव्हा, नाहीतर वडिलांची स्प्लेंडर. आणि प्रश्न असतो, "साडेचारशे घेऊ की साडेसहाशे?"

मी विचारतो, तिचं वजन किती? सीसी तोंडपाठ असतात, हॉर्सपॉवर तोंडपाठ असते, वजन बहुतेकांना ठाऊक नसतं. स्प्लेंडर किंवा अ‍ॅक्टिव्हा एकशेदहा किलोच्या आसपास. सुझुकीची अडीचशे सीसीची व्ही-स्ट्रॉम १६७ किलो, रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० ही १९१, नवी हिमालयन ४५० ही १९६, आणि सुपर मीटिऑर ६५० ही २४१ किलो. म्हणजे स्कूटरवरून थेट साडेसहाशेवर जाणारा माणूस दुपटीहून जास्त वजन सांभाळायला निघालेला असतो.

हायवेवर जोरात आपटलेली मोठी गाडी माझ्याकडे क्वचित येते. नेहमी येतात त्या उभ्या जागी पडलेल्या. क्लच लिव्हरचं टोक तुटलेलं, आरसा निखळलेला, लेगगार्ड आत दाबलेला, गिअरची दांडी केसिंगला टेकलेली. कसं झालं, हे मला विचारावं लागत नाही. पार्किंगच्या उतारावरून मागे घेताना बारीक खडीवर पाय सरकला, किंवा गल्लीत यू-टर्न मारताना अर्ध्यात पुढचा ब्रेक दाबला गेला.

चाकं फिरत असली की गाडी स्वतःला तोलून धरते. साठच्या वेगात अडीचशे किलोचं धूड एका बोटाने वळवल्यासारखं वळतं. वेग उतरत माणसाच्या चालीवर आला की तो आधार संपतो आणि सगळा तोल चालवणाऱ्याकडे येतो. सरळ उभी असेपर्यंत वजन टायरवर असतं. ती थोडी कलली तर मांडी आणि हात मिळून सावरतात; आणखी कलली की कितीही दणकट गडी असो, ती जाणारच. शोरूमची टेस्ट राईड असते सरळ रस्त्यावर, रिकाम्या गाडीवर, एकट्याने. त्या फेरीत मोठी गाडी लहान गाडीपेक्षाही सोपी वाटते, आणि तिथेच निर्णय होऊन जातो. याची मला मनापासून काळजी वाटते.

माझ्या भाच्याला सुपर मीटिऑर हवी होती. रविवारी उधना उद्योगनगरातल्या गल्ल्या ओस असतात. त्याच्या मित्राची तीच गाडी मागून घेतली, दोन्ही बाजूंच्या बॅगांत कापडाचे ताके भरले, मागे मी बसलो आणि म्हणालो, "हं, आता या गल्लीत पाय न टेकता वळव." वळेना. दर वेळी मध्यावर त्याचा पाय खाली येई आणि नजर पुढच्या चाकाकडे जाई. मग त्याला रीत दाखवली. क्लच अर्धा सोडून तिथेच धरायचा, रेस बारीक पण न तुटणारी, मागचा ब्रेक हलका दाबलेला, पुढच्या ब्रेकवरची बोटं उचललेली, आणि नजर जिथे जायचंय तिथे, खांद्यावरून मागे. तासाभराने एकट्याने वळू लागला. मला मागे घेऊन नाहीच. नंतर गॅरेजमधली साडेतीनशे तेवढ्याच ओझ्यावर काढली. तिच्यावर तो पहिल्याच सकाळी वळला. "मामा, ही हातात राहते," म्हणाला. मोठी गाडी निवडताना हीच कसोटी लावा, आणि पूर्ण ओझ्यासकट लावा. मागचा माणूस साठ-सत्तर किलो, बॅगा वीस-पंचवीस किलो, आणि हे सगळं सीटच्या वर नाहीतर मागे. त्याने तोल आणखी उंचावर जातो.

उंचीचं गणितही कागदावरून कळत नाही. सुपर मीटिऑरची सीट ७४० मिलिमीटरवर, हिमालयन ४५० ची ८२५ वर, आणि वाढवली तर ८४५ वर. सपाट फरशीवर चवडे टेकले तरी पुरतं, असं सेल्समन सांगतो आणि फरशीवर ते खरंही असतं. पण वघईहून सापुताऱ्याला चढताना पुढची बस अचानक थांबली, रस्ता एका अंगाला उतरता असला आणि पाय नेमका खोल बाजूला टाकावा लागला, की तेवढे चवडेही टेकत नाहीत. साडेपाच फुटाच्या आतल्या माणसाने उंच अ‍ॅडव्हेंचर गाडी घेऊच नये असं नाही. मात्र एक पाय पुरता टेकून, कुल्ला सरकवून थांबायची सवय आधी हलक्या गाडीवर लावून घ्यावी.

युरोपात कायदाच शिडी बांधून देतो. सुरुवातीला १२५ सीसी, मग ३५ किलोवॅटपर्यंतची गाडी, आणि त्यावर दोन वर्षं काढल्यावर हवी ती. आपल्याकडे गिअरवाल्या मोटरसायकलचं एकच लायसन्स. स्प्लेंडरवर चाचणी दिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी १८३३ सीसीची गोल्डविंग चालवू शकतो, आरटीओची हरकत नाही. गंमत अशी की सुपर मीटिऑरची ताकद त्या ३५ किलोवॅटच्या आतच बसते. ताकदीच्या हिशेबाने ती मधल्या पायरीची गाडी, वजनाच्या हिशेबाने मात्र शेवटच्या. म्हणून शिडी आपली आपणच लावायची. दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीवर एक अख्खा पावसाळा काढा. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत कोंडाईबारी घाट दिवसा चढून उतरा, ट्रकांच्या मागे धीर धरायला शिका. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. जुनी घेणार असाल तर ते आहे का, एवढं नक्की पाहा.

पैशांचंही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचाही टप्पा साडेतीनशेलाच बदलतो. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, जॅकेट आणि बूट येतात.

"पण मामा, साडेतीनशेवर जग फिरता येतं का?" येतं. रमिला लटपटे मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या गेटवेवरून नऊवारी नेसून जगप्रवासाला निघाल्या, त्या होंडाच्या साडेतीनशेवर. योगेश आळेकरी २०२५ मध्ये मुंबईहून लंडनला पोचले ते थोड्याच मोठ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरवर. आमच्या सुरतेच्या सारिका मेहता यांनी बायकांसाठी 'बायकिंग क्वीन्स' उभं केलं, आणि २०१९ मध्ये त्या दोन मैत्रिणींसह वाराणसीहून लंडनपर्यंत गेल्या. मला या माणसांचा अभिमान वाटतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी ही नावं सांगतो.

भाच्याने शेवटी मीटिऑर ३५० घेतली. साडेसहाशे त्याच्या मनातून गेलेली नाही, जाऊही नये. दोन पावसाळ्यांनी पुन्हा उद्योगनगरात ताके भरून बघू. गाडी आली त्या दिवशी दोन्ही लिव्हर त्याच्या बोटांच्या मापाने खाली-वर करून दिल्या, डबलसीटच्या वजनाला टायरमध्ये हवा किती ठेवायची ते दाखवलं. गाडी आडवी झाली तर उचलायची कशी, तेही करून घेतलं: गिअर टाकायचा, उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडायचा, सीटला पाठ लावून खाली बसायचं, आणि कमरेने नाही, मांड्यांनी रेटत मागे चालायचं. वर हँडलला तारेची कमान बसवली. उत्तरायणात सुरतेत मांजा गळ्याशी येतो, आणि प्रवासाच्या गाडीची पुढची उंच काच तो अडवत नाही.