टोपची खाण आणि शहराचा कचरा

कोल्हापूरहून पुण्याकडे जाताना पंचगंगेचा पूल ओलांडला की शिरोली येते आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर टोप लागते. हातकणंगले तालुक्यातील हे गाव दगडखाणींसाठी ओळखले जाते. येथील एक जुनी खाण कोल्हापूर महानगरपालिकेला कचऱ्याच्या भरावासाठी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा ग्रामस्थांनी त्याला विरोध केला आणि तो वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. अशा प्रसंगी शहरातील सुशिक्षित माणूस सहज विचारतो, 'कचरा कुठेतरी टाकायलाच हवा ना? मग गावकरी अडवणूक का करतात?' या प्रश्नाचे उत्तर शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे.

खाण म्हणजे आयता खड्डा नव्हे

रिकामी खाण पाहिली की ती भरून काढावी, असे कोणालाही वाटेल. परंतु आपल्या भागातील खडक हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. तो वरून अभेद्य दिसत असला तरी त्यात भेगा व सांधे असतात आणि भूजल त्यांतूनच वाहते. सुरुंगांच्या हादऱ्यांनी खाणीतील भेगा आणखी रुंदावतात. ओला कचरा कुजताना त्यातून काळसर, दुर्गंधीयुक्त पाणी झिरपते. पावसाळ्यात त्याचे प्रमाण वाढते. तळाशी चिकणमाती व जाड प्लास्टिकचे अस्तर नसेल आणि झिरपलेले पाणी गोळा करून शुद्ध करण्याची सोय नसेल, तर ते भेगांवाटे शेजारच्या विहिरींत उतरू शकते. एकदा बिघडलेली विहीर पूर्ववत होण्यास वर्षानुवर्षे लागतात.

दुसरा धोका आगीचा. हवा न मिळालेल्या कचऱ्यात मिथेन वायू तयार होतो. त्याने पेट घेतला की ढिगारा आतून धुमसत राहतो. मुंबईचे देवनार क्षेपणभूमी म्हणून १९२७ पासून वापरात आहे. तेथे २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर शहराच्या मोठ्या भागावर पसरला होता.

उरुळी-फुरसुंगीचा धडा

गावकऱ्यांची भीती काल्पनिक नाही, हे पुण्याजवळच्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांनी दाखवून दिले आहे. तेथील १६३ एकर जागेत पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे उघड्यावर टाकला गेला. विहिरींचे पाणी पिण्यास अयोग्य झाले आणि ग्रामस्थांवर टँकरची वाट पाहण्याची वेळ आली. उघड्यावर कचरा टाकणे बंद करू, असे वारंवार सांगितले गेले. मुदती उलटत गेल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये कचऱ्याला मोठी आग लागली. तेव्हा ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या तीन आठवड्यांहून अधिक काळ रोखून धरल्या. पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचला आणि अखेर मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर आंदोलन थांबले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही दोन्ही गावे महापालिकेत घेण्यात आली. पुढे २०२४ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र नगरपरिषद स्थापन झाली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, गावकऱ्यांचा मुख्य आक्षेप मोडलेल्या शब्दाला होता. प्रारंभी जो प्रकल्प 'शास्त्रोक्त' म्हणून सांगितला जातो, तोच काही वर्षांत कचऱ्याचा डोंगर होतो, हा अनुभव एका गावाने घेतला की पुढच्या दहा गावांचा विश्वास उडतो. टोपसारखे गाव आधीच 'नाही' म्हणते, त्यामागे हे कारण आहे.

कायदा काय सांगतो?

घनकचऱ्याविषयीचे पहिले देशव्यापी नियम २००० साली आले. २०१६ च्या नियमांनी ते अधिक कडक केले. भरावभूमी नदीपासून १०० मीटर आणि तळे, वस्ती, महामार्ग व पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर असावी, असे त्यांत ठरविण्यात आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही, जे कुजत नाही व जळत नाही, असा उरलासुरला निष्क्रिय कचराच भरावात जावा, हे तत्त्व मान्य झाले. याचा अर्थ स्पष्ट आहे. शहरात वर्गीकरण होत नसेल, तर भरावभूमी केवळ नावाचीच राहते.

तसेच २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार सामायिक घनकचरा प्रकल्पासाठी जनसुनावणीची तरतूद आहे. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच आग्रह धरला आहे. प्रकल्पाच्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे आणि ही चर्चा निर्णयानंतर नव्हे, तर निर्णयाआधी व्हावी, असे ते सांगतात.

विरोधाची जबाबदारी

मात्र विरोधाचीही एक बाजू तपासून पाहिली पाहिजे. एका गावाने नाकारलेला कचरा दुसऱ्या, अधिक दुबळ्या गावाच्या माथी गेला तर न्याय झाला असे म्हणता येणार नाही. शिवाय आपल्या गावांचा कचरा आज ओढ्याकाठी अथवा रस्त्याच्या कडेला पडतो, हेही खरे आहे. तेव्हा ग्रामसभेत 'नको' म्हणण्याबरोबरच काही नेमके प्रश्न लेखी विचारावेत. येणारा कचरा वर्गीकृत असेल काय? अस्तर आणि सांडपाणी-शुद्धीकरण आधी पूर्ण होईल काय? विहिरींच्या पाण्याची आजची तपासणी नोंदवून ठेवली जाईल काय? तपासणीचे निष्कर्ष गावाला दर महिन्याला मिळतील काय? अटी मोडल्यास गाड्या थांबविण्याचा अधिकार कोणाकडे राहील?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर गावाचा नकार न्याय्य ठरतो. शहरवासीयांनी मात्र आपल्या स्वयंपाकघरापासून आरंभ करावा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ पासून घरोघरी कचरा गोळा करून हे शक्य असल्याचे दाखविले आहे. भाजीचे देठ आणि प्लास्टिकची पिशवी ज्या दिवशी आपण वेगळी ठेवू, त्या दिवशी टोपच्या विहिरीवरील ओझे थोडे हलके झालेले असेल. शेजारधर्म याहून वेगळा नसतो.