वाऱ्याचा वाटा

सायकल चालवणे ही आता कोणालाही अपूर्वाईची गोष्ट वाटत नाही. शाळेत जाणारी मुले, वर्तमानपत्रे टाकणारे तरुण, कामावर निघालेले कामगार असे कितीतरी लोक रोज सायकलवरून जाताना आपण पाहतो. परंतु सुटीच्या दिवशी पहाटे एखाद्या मोठ्या शहराबाहेरच्या रस्त्यावर उभे राहिलात, तर एक निराळेच दृश्य तुमच्या दृष्टीस पडेल. दहा-बारा सायकलस्वार एकामागून एक, अगदी जवळजवळ राहून, वेगाने चाललेले असतात. थोडा वेळ गेला की सर्वांत पुढचा स्वार किंचित बाजूला होतो, आपला वेग जरा कमी करतो आणि हळूहळू मागे सरत रांगेच्या शेवटी जाऊन मिळतो. आता दुसरा स्वार सर्वांच्या पुढे येतो. काही वेळाने तोही तसेच करतो. ही सारी धडपड कशासाठी? हे स्वार एका शत्रूचा भार आपसात वाटून घेत असतात. तो शत्रू म्हणजे वारा.

हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्या अडथळ्याचा आपल्याला सहसा विसर पडतो. सावकाश चालणाऱ्या माणसाला तो जाणवतही नाही. परंतु सायकलचा वेग वाढू लागला, की हीच हवा भिंतीसारखी आडवी येते. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराने आपला वेग ४० किलोमीटर केला. वेग दुप्पट झाला; पण हवेचा अडथळा चौपट झाला. शिवाय हा चौपट अडथळा त्याला दुप्पट वेगाने बाजूला सारावा लागतो. म्हणून हवेशी झुंजण्यासाठी दर सेकंदाला लागणारी शक्ती आठपट होते! सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती अशी केवळ हवा सारण्यातच खर्च होते. तो कंबरेतून वाकून आणि कोपरे अंगाशी घेऊन बसतो, याचे कारण हेच.

पुढचा स्वार हवा दुभंगत जातो, तेव्हा त्याच्या पाठीमागे थोड्या अंतरापर्यंत एक आडोसा तयार होतो. या आडोशात राहणाऱ्या स्वाराचे सुमारे पाव श्रम, आणि कधीकधी त्याहूनही अधिक, वाचतात. गंमत अशी, की पुढच्यालाही याचा थोडा लाभ मिळतो. वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे त्याला मागे खेचल्यासारखे होते. पाठीशी दुसरा स्वार असला म्हणजे ही ओढ किंचित घटते. असे हे दोघे एकमेकांच्या उपयोगी पडतात. म्हणूनच एकट्याने जो वेग तासभरही टिकवता येत नाही, तो समूहात राहून कित्येक तास टिकवता येतो.

सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या, त्या काळी वाऱ्याचे एवढे महत्त्व नव्हते. ७ नोव्हेंबर १८६९ रोजी फ्रान्समध्ये पॅरिस ते रूआँ अशी सुमारे १२३ किलोमीटरांची शर्यत झाली. ती जेम्स मूर या इंग्रज तरुणाने जिंकली. त्याला १० तास ४० मिनिटे लागली. म्हणजे त्याचा वेग ताशी १२ किलोमीटरांहूनही कमी होता. सायकली जड होत्या, पेडल पुढच्या चाकालाच जोडलेली असत आणि रस्ते खडबडीत होते. पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. सायकली हलक्या झाल्या, रस्ते सुधारले आणि वेग वाढला. वेग वाढला, तसा वाराही प्रबळ झाला. १९०३ साली सुरू झालेली ‘टूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत आता सुमारे तीन आठवडे चालते. अलीकडच्या वर्षांत तिच्या विजेत्याचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटरांच्या वर गेलेला आहे. एवढ्या वेगाने एकट्याने हजारो किलोमीटर जाणे कोणालाही शक्य नाही.

अशा शर्यतीत शंभराहून अधिक स्वारांचा मोठा घोळका एकत्र धावतो. त्याला ‘पेलोटॉन’ असे म्हणतात. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ लहान गोळा असा आहे. १२१ स्वारांच्या अशा घोळक्याचा शास्त्रज्ञांनी २०१८ साली अभ्यास केला. तेव्हा असे आढळले, की घोळक्याच्या आत, मागच्या बाजूस असलेल्या स्वाराला होणारा हवेचा अडथळा, एकट्या जाणाऱ्या स्वाराच्या मानाने केवळ ५ ते १० टक्केच असू शकतो.

यातूनच या खेळातील एक मोठा पेच निर्माण होतो. समजा, दोन प्रतिस्पर्धी घोळक्याला मागे टाकून पुढे निसटले. आता वारा कोणी अडवायचा? दोघांनी पाळीपाळीने पुढे राहून श्रम केले, तरच त्यांचा वेग टिकेल. पण एकाने मनात म्हटले, ‘याला दमू दे, मी मागे राहून शक्ती राखून ठेवतो,’ तर दुसराही तसाच विचार करू लागतो. मग दोघांचाही वेग मंदावतो आणि मागचा घोळका येऊन दोघांनाही गिळून टाकतो. ज्याला हरवायचे, त्यालाच शेवटच्या टप्प्यापर्यंत साथ द्यायची, असा हा विलक्षण खेळ आहे.

परंतु आडोशाचा हा नियम घाटात फारसा चालत नाही. आपल्याकडची मुंबई–पुणे सायकल शर्यत याचे उत्तम उदाहरण होय. मुंबईपासून खोपोलीपर्यंत स्वारांना समूहाचा आधार मिळतो. त्यापुढे बोरघाट सुरू होतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता ५०० मीटरांहून अधिक उंची चढतो. चढावर वेग कमी होतो, म्हणून वाराही दुबळा होतो. आता खरा शत्रू म्हणजे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण. आपल्या शरीराचा आणि सायकलचा भार ज्याचा त्यानेच वर न्यावा लागतो. घाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्या स्वाराला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब देतात, तो यासाठीच.

आता अशा वेगवान समूहात सामील व्हायचे, तर तयारी कशी करावी? केवळ पायांत बळ असून भागत नाही. प्रथम एकट्याने सरळ रेषेत सायकल चालवता आली पाहिजे. मागे वळून पाहताना किंवा बाटलीतून पाणी पिताना सायकल डगमगता कामा नये. नंतर सावकाश जाणाऱ्या लहान समूहात सराव करावा. आरंभी पुढच्या सायकलपासून दोन मीटर तरी अंतर ठेवावे. तेवढ्या अंतरावरही आडोशाचा थोडाफार लाभ होतोच. सराव वाढेल, तसे अंतर कमी करावे. नजर मात्र पुढच्याच्या चाकावर खिळवून ठेवू नये. त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहावा.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळली पाहिजे. आपले पुढचे चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू देऊ नये. सायकलचा तोल आपण कसा सांभाळतो, हे कधी पाहिले आहे काय? आपण ज्या बाजूला कलतो, त्या बाजूला हँडल किंचित वळवतो आणि पुन्हा सावरतो. पुढचे चाक दुसऱ्या चाकाला घासले, तर ते वळवता येत नाही. तोल जातो आणि बहुधा मागचाच स्वार पडतो. त्याच्यामागून येणाऱ्यांना थांबायला वेळ नसतो. एकाच्या निष्काळजीपणामुळे असे अनेक जण जखमी होतात.

म्हणून समूहात अचानक ब्रेक दाबायचा नाही आणि अचानक वळायचेही नाही. पुढच्याने जरासा ब्रेक लावला, की मागचा त्याहून थोडा जास्त लावतो आणि त्याच्या मागचा आणखी जास्त. शेवटच्या स्वाराला जवळजवळ थांबावे लागते आणि मग रांग गाठण्यासाठी जिवाच्या आकांताने धावावे लागते. पुढे असणाऱ्यावर आणखीही एक जबाबदारी असते. मागच्यांना रस्ता नीट दिसत नाही. म्हणून खड्डा, वाळू किंवा काचा दिसल्या, की त्याने हाताने त्या बाजूला खूण करावी आणि मोठ्याने सांगावे. प्रत्येकाने तीच खूण मागच्याकडे पोचवावी. पुढच्याचे डोळे हेच मागच्याचे डोळे असतात.

शरीराचीही काळजी घेतली पाहिजे. भूक लागण्यापूर्वी थोडे खावे आणि तहानेने घसा कोरडा पडण्यापूर्वी पाणी प्यावे. केळे, खजूर, चिक्की असे पदार्थ जवळ ठेवणे सोयीचे असते. एका आठवड्यातच अंतर आणि वेग दोन्ही एकदम वाढवू नयेत. विश्रांती हादेखील सरावाचाच भाग आहे. शिरस्त्राण म्हणजे हेल्मेट मात्र प्रत्येक वेळी घातलेच पाहिजे. २००३ साली पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हा कझाकस्तानचा नामांकित स्वार पडला आणि डोक्याला मार लागून मरण पावला. त्याने शिरस्त्राण घातले नव्हते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने व्यावसायिक शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचे केले.

ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे, त्याने प्रथम आपल्या वयोगटाच्या लहान शर्यतीत भाग घ्यावा. एक प्रकार असा असतो, की त्यात स्वार ठराविक अंतराने एकेकटे सुटतात आणि प्रत्येकाला लागलेला वेळ मोजला जातो. त्यात दुसऱ्याच्या आडोशाला जाण्याची मनाईच असते. नवशिक्याला स्वतःचे बळ अजमावण्यास तो चांगला. सर्वांनी एकदम सुटण्याच्या शर्यतीत, पहिल्या खेपेस, न पडता आणि कोणाला न पाडता शेवटपर्यंत पोचणे हेच मोठे यश मानावे. तुमच्या वयाच्या मुलांनी मात्र रहदारीच्या रस्त्यावर असा सराव कधीही एकट्याने करू नये. मोठ्या जाणत्या माणसांबरोबर, मोकळ्या मैदानावर किंवा बंद रस्त्यावरच तो करावा.

शर्यतीत अंतिम रेषा प्रथम ओलांडणारा एकच असतो. वर्तमानपत्रात त्याचेच छायाचित्र येते. परंतु त्या रेषेपर्यंत येताना किती जणांनी त्याच्यासाठी वारा झेलला आणि त्याने किती जणांसाठी झेलला, हे जाणकारालाच ठाऊक असते. म्हणून सायकलस्वारांच्या समूहात नवा गडी आला, की त्याचा वेग किती आहे, एवढेच कोणी पाहत नाही. आपली पाळी आल्यावर तो पुढे येतो की नाही, हेही सारे जण पाहतात.