पोटातला फुगा आणि गावाचे अंतर

फुगा म्हटले की जत्रा आठवते, लहान मूल आठवते. शब्दच असा हलका, की त्याची भीती वाटत नाही. 'कापाकापी नाही, टाके नाहीत, पोटात फुगा बसवा आणि वजन उतरवा' अशी जाहिरात वाचून भोरच्या एका परिचित दुकानदारांनी मला विचारले, "घेऊ का बसवून?" श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हे, कविता करणारा माणूस. पण शब्दाआड काय दडले आहे, हे पाहण्याची सवय आहे. म्हणून वाचले, जाणत्यांना विचारले. त्याचे सार आज सांगतो.

हा फुगा बहुधा सिलिकॉनचा असतो. रिकामा फुगा दुर्बिणीच्या मदतीने तोंडावाटे जठरात उतरवतात आणि त्यात ४०० ते ७०० मिलिलिटर सलाईन भरतात. म्हणजे अर्धा किलोच्या आसपासचे ओझे पोटात राहते. जागा अडते, अन्न सावकाश पुढे सरकते, थोडक्या जेवणात पोट भरते. बहुतेक फुगे सहा महिन्यांनी काढावे लागतात, काही प्रकार त्याहून जास्त काळ चालतात. गिळायचाही एक फुगा आहे. तो सुमारे १६ आठवड्यांनी आपोआप रिकामा होऊन शौचावाटे बाहेर पडतो. वजन साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. खाण्याची जुनी सवय परतली, की तेही परतते.

हा उपाय अगदी नवा नाही. अमेरिकेत १९८५ साली 'गॅरेन-एडवर्ड्स' नावाच्या फुग्याला परवानगी मिळाली होती. पण तो फुटून आतड्यात अडकू लागला, जठरात जखमा होऊ लागल्या आणि काही वर्षांतच तो बाजारातून गेला. पुढे सुधारलेले फुगे आले. तरीही २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना दोन नव्या धोक्यांची सूचना दिली. एक, फुगा आतल्या आत आणखी फुगणे; दुसरा, जठरामागच्या स्वादुपिंडावर दाब येऊन त्याला सूज येणे. २०१६ पासून जगभरात असे फुगे बसवलेल्या १२ रुग्णांचे मृत्यू झाल्याची नोंद याच प्रशासनाने जून २०१८ मध्ये जाहीर केली. हे सारे मृत्यू फुग्यानेच झाले असे सिद्ध झालेले नव्हते आणि असे गंभीर प्रसंग विरळाच. पण विरळा म्हणजे अशक्य नव्हे.

नेहमीचा त्रास म्हणजे पहिल्या काही दिवसांतल्या मळमळ, उलट्या आणि पोटात कळा. त्या आवरल्या नाहीत तर अंगातले पाणी आणि क्षार घटतात. अशा दिवसांत रोजा असो की एकादशी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी तोडू नये.

आता आपल्या भागाचा विचार करू. फुगा बसतो पुण्यात. माणूस संध्याकाळी कापूरहोळवरून भोरला किंवा पाबे घाटाने वेल्ह्याला घरी येतो. मधले अंतर पन्नास-साठ किलोमीटर. आठ-दहा आठवड्यांनी रात्री पोट दुखू लागते. घरचे म्हणतात, पित्त झाले. भातलावणीत कंबर धरली की दुकानातून आणतो तीच वेदनाशामक गोळी दिली जाते. पण फुगा आधीच जठराच्या अस्तराला घासत असतो. त्यात अशा गोळ्यांनी अल्सर होण्याची, रक्तस्राव होण्याची, क्वचित जठराला भोक पडण्याची भीती वाढते. गावातल्या डॉक्टरांना पोटात फुगा आहे हे कोणी सांगितलेच नसेल, तर ते तरी काय ओळखणार? चिरफाडीची खूण पोटावर नसते. म्हणून तोंडाने सांगायला हवे.

तेव्हा फुगा बसवलेल्याने एक कागद खिशात ठेवावा. त्यावर फुग्याचे नाव, बसवल्याची तारीख, काढण्याची तारीख आणि डॉक्टरांचा फोन लिहावा. आम्ल कमी करणारी गोळी सांगितली असेल तितके दिवस चुकवू नये. उलट्या थांबत नसतील किंवा थांबून पुन्हा सुरू झाल्या, दुखणे पाठीत गेले, पोट फुगले आणि वारा सरेना, शौच डांबरासारखी काळी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. फुग्यात पुष्कळदा निळा रंग मिसळलेला असतो. लघवी निळी-हिरवी दिसली तर तो गळतो आहे असे समजावे. भूक एकाएकी वाढली तरी तीच शंका घ्यावी. रिकामा फुगा आतड्यात अडकला तर मग बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते.

गर्भवती स्त्रिया, जठरावर आधी शस्त्रक्रिया झालेले, जठरात अल्सर असलेले, यांनी या वाटेला जाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते आधीच सांगावे.

त्या दुकानदारांना मी 'घ्या' म्हटले नाही, 'घेऊ नका' असेही म्हटले नाही. तो अधिकार माझा नाही. एवढेच सुचवले, की किंमत विचाराल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा : "रात्री दोन वाजता भोरला मला त्रास झाला, तर फोन कोण उचलणार आणि फुगा कुठे काढणार?" याचे सरळ उत्तर मिळाले, तरच पुढचे बोलावे.