एक कप कॉफी

बरणीतील इन्स्टंट कॉफी करणे किती सोपे! तरीही ती कधी बेचव लागते, तर कधी तिच्यात गुठळ्या राहतात. असे का होते?

आधी ही पूड कशी तयार होते ते पाहू. कॉफीच्या बिया भाजून दळतात. त्यांतून गरम पाणी सोडून दाट अर्क काढतात. मग अर्कातील पाणी काढून टाकतात. मागे उरते ती कोरडी पूड. म्हणजे बरणीतील कॉफी एकदा तयार झालेलीच असते. ती चहासारखी उकळत ठेवू नये. उकळल्यास तिचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. ती फक्त विरघळवायची असते.

आता कृती पाहा. कपात एक लहान सपाट चमचा पूड व चवीपुरती साखर घ्या. दोन चमचे साधे पाणी घालून चांगले घोटा, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. दूध किंवा पाणी उकळले की खाली उतरवा. मिनिटभर थांबा, मग कपात ओता व ढवळा. ही पूड हवेतील ओलावा चटकन शोषते. म्हणून बरणीत ओला चमचा घालू नका आणि झाकण घट्ट लावा.

एवढ्याशा कपासाठी इतकी काळजी कशाला, असे तुम्ही विचाराल. मौलाना अबुल कलाम आझाद यांचे उदाहरण घ्या. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तेथे लिहिलेली त्यांची पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू पुस्तकात आहेत. मौलाना पहाटे उठून आपला चहा स्वतः करत. तो चिनी चहा ते दूध न घालता घेत. या चहावर त्यांनी एक सुंदर पत्रच लिहिले आहे. १९४३ साली त्यांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, तेव्हाही ते कैदेतच होते. अखेरची भेटही झाली नाही. अशा कठीण काळातही त्यांनी आपली नीटनेटकी राहणी सोडली नाही.

तुम्हीही घरी आलेल्या पाहुण्यांसाठी किंवा दमलेल्या आईसाठी एक कप कॉफी मन लावून करा. उर्दूत जिला आपण मेहमाननवाजी म्हणतो, त्यालाच मराठीत पाहुणचार म्हणतात.