तळ्यात की ओढ्यात?

डोंबिवलीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: हिमाचलात ट्राउटसाठी करतात तसं फ्लाय फिशिंग ठाण्याच्या उपवन तलावात किंवा बदलापूरला उल्हास नदीवर जमेल का, आणि दोन्हीकडे तंत्र एकच का?

ट्राउटचं विसरा. त्याला पाणी साधारण २० अंशांच्या आतलं लागतं. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. उपवनातला ट्राउट गळाआधी उन्हाळ्यालाच बळी पडेल.

तंत्र मात्र एक नाही. डोंबिवलीच्या फलाटावर डब्याचं दार कुठे येणार हे जाणणारा प्रवासी जसा नेमका तिथेच उभा राहतो, तसा ओढ्यातला मासा दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. खाणं वाहत त्याच्याकडे येतं. तळ्यात गाडीच येत नाही, म्हणून मासा हिंडतो. ओढ्यात पिसांची बनावट माशी प्रवाहाच्याच वेगाने वाहायला हवी. पण फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरीला असतं, माशीला नाही. मधला जोरकस प्रवाह दोरीला बाक आणतो, माशी फरफटते आणि मासा तोंड फिरवतो. तळ्यात उलट, दोरी हळूहळू ओढून माशीत जीव आणावा लागतो. तिथलं मुख्य खाणं म्हणजे संध्याकाळी काठावर थव्याने घोंगावणारी, डासांसारखी दिसणारी पण न चावणारी चिलटं. त्यांच्या अळ्या तळाच्या चिखलात वाढतात. प्राणवायू कमी, म्हणून अंगात हिमोग्लोबिन, म्हणून रंग लाल! फिश टँकच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून विकतात त्या याच.

तळं आणि ओढा यांचं नातं आपल्याकडे ज्यांनी नीट उलगडलं, ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आज फारसे कुणाला आठवत नाहीत. मुंबई इलाख्यातल्या एका चिमुकल्या माशावरून त्यांनी १९४० साली माशांचं नवं कुळच मांडलं होतं. पुढे लोणावळ्याला टाटांच्या जलाशयांवर त्यांनी महसीर या माशाचा अभ्यास केला. धरणात महसीर खातो, वाढतो. पण अंडी घालायला त्याला वाहतं पाणी हवं. त्यामुळे पावसाळ्यात तो ओढ्यांच्या मुखाशी येतो. असे मासे धरून त्यांची अंडी कृत्रिमरीत्या फलित करण्याचं तंत्र कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी बसवलं. अंडी आणि पिल्लांच्या वाढीवरचा कुलकर्णींचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७१ साली आला.

‘महसीर वाचला’ अशा बातम्यांवर मात्र मी टाळ्या वाजवणार नाही. लोणावळ्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथला मूळचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्यात या पाहुण्यांचाही वाटा असल्याचं अभ्यासक सांगतात. एका नदीचं औषध दुसरीला चालतंच असं नाही.

तेव्हा हौस भागवायची तर परवानगी असलेल्या तळ्यात चिलापीवर हात साफ करा, तीही बनावट माशीवर येते. फक्त पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघालेले मासे ओढ्यांतून चढू लागले, की तिथे गळ टाकू नका आणि जाळंही लावू नका. त्यांच्या पोटात अंडी असतात.