टरफलांच्या गोष्टीतले गुरुजी

दरवर्षी १ ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, आमच्या भागातल्या शाळांतून एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. डोक्यावर पुठ्ठ्याची पगडी, ओठांवर काजळाची मिशी आणि खांद्यावर आईचे उपरणे घेतलेला एखादा चौथीतला टिळक माईकसमोर उभा राहतो आणि ठणकावून सांगतो, ‘‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही!’’ टाळ्या पडतात. बाई कौतुकाने मान डोलावतात. शाळा उल्हासनगरच्या कॅम्पातली असो, अंबरनाथच्या कारखान्यांजवळची असो की बदलापूर गावातली असो, या भाषणात काना-मात्रेचा फरक पडत नाही. या पट्ट्यात वर्षानुवर्षे शिकवताना मी ते किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद नाही. मात्र एक कुतूहल मनात कायम राहिले. त्या बाणेदार उत्तरानंतर गोष्टीतले गुरुजी काय म्हणाले? भाषण करणारे एकही मूल ते सांगत नाही. टाळ्यांपाशी गोष्ट संपते आणि आम्हा शिक्षकांचा प्रश्न नेमका तिथून सुरू होतो.

कारण त्याच दिवशी दुपारी पाचवीच्या वर्गात बाकाखालचे कागद उचलायला सांगावे, तर एखादा पोरगा म्हणतो, ‘‘मी नाही टाकले, मी का उचलू?’’ त्याला टाळ्या मिळत नाहीत. ‘‘उलट बोलतोस?’’ हा सवाल मिळतो, आणि पुष्कळदा त्यासोबत आणखीही काही. सकाळचा बाणेदारपणा दुपारी उद्धटपणा कसा होतो? मुलांना हे कोडे सुटत नाही. खरे सांगायचे तर मोठ्यांनाही ते सुटलेले नसते.

‘सर, तू’ म्हणणारी मुले

आमच्या या तीन गावांची गंमत अशी, की येथे एका वर्गात चार-पाच घरांच्या रीतीभाती शेजारी शेजारी बसतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तेथे पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार असेच सांगतात. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुढे औद्योगिक वसाहत यांच्यामुळे देशभरातून कामगार आले. बदलापूरला मुंबईत जागा न परवडणारा चाकरमानी आला. २००१ साली लाखाच्या आत असलेली बदलापूरची वस्ती २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आणि या सगळ्यांच्या आधीपासून येथे आहेत ते आगरी, कातकरी, ठाकर.

आता आगरी घरातला मुलगा पहिल्यांदा मोठ्या शाळेत येतो आणि विचारतो, ‘‘सर, तू काल का नाही आलास?’’ नवखे शिक्षक लाल होतात. वास्तविक त्याच्या बोलीत आजोबांनाही ‘तू’च म्हणतात; त्याने गुरुजींना घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रांगेत बसवलेले असते. हिंदी बोलणाऱ्या वस्तीतून आलेले मूल मराठी बोलताना ‘तुम्ही-आम्ही’चा गोंधळ करते, तेही अडाणीपणाने नव्हे, भाषा नवी असते म्हणून. अशा मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘उद्धट’ हा शिक्का बसला, की तो पुसायला वर्षे जातात. शिक्षकांच्या खोलीत एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे मुलांची नावे जातात, आणि नावांबरोबर शिक्केही जातात.

म्हणून पहिला प्रश्न मुलाला न विचारता शिक्षकाने स्वतःला विचारावा: हा खरोखर अपमान आहे, की केवळ माझ्या कानांना न रुचलेले बोलणे आहे? अन्यायाविरुद्ध मूल बोलले असेल, तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. शब्द सुधारता येतात. बोलीचा फरक असेल, तर एकदा शांतपणे सांगितले की पुरते. उरतो तो खरा उर्मटपणा. त्याचे काय करायचे, हीच खरी परीक्षा.

आपल्याला काय वाटले, ते पाहा

मुळात व्हिएन्नाचे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी मुलांच्या वेड्यावाकड्या वागण्यामागे चार हेतू सांगितले. लक्ष वेधून घेणे, आपली सत्ता दाखवणे, दुखावल्याचा सूड घेणे आणि ‘मला जमणारच नाही’ म्हणून अंग काढून घेणे. ते ओळखण्याची त्यांची युक्ती मला फार उपयोगी वाटते. मुलाच्या वागण्याने आपल्याला नुसता वैताग आला, तर त्याला लक्ष हवे आहे. आव्हान दिल्यासारखे वाटले, तर सत्तेचा झगडा आहे. मनाला लागले, तर ते स्वतः कुठेतरी दुखावलेले आहे. आणि आपल्यालाच हताश वाटले, तर त्याने आशा सोडली आहे. मुलाच्या मनात काय आहे हे कळायला असे स्वतःच्या मनात डोकवावे लागते.

उल्हासनगरच्या एका शाळेत माझ्या एका सहकारी बाईंच्या सहावीच्या वर्गात घडलेला प्रसंग सांगतो. मुलाची वही सलग चौथ्या दिवशी कोरी. बाईंनी विचारले, ‘‘घरी करतोस तरी काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘तुम्हाला काय करायचंय? पगार मिळतोय ना!’’ वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पन्नासेक डोळ्यांच्या जोड्या बाईंकडे. अशा वेळी शिक्षकाचा हात आपोआप वर जातो किंवा जीभ तरी सुटते.

बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, ‘‘हे बोलणं मला लागलं. आपण यावर मधल्या सुट्टीत बोलू. आता सगळ्यांनी पुढचं उदाहरण घ्या.’’ आणि त्या फळ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण विषय सोडलाही नाही.

मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला समोर उभे केले नाही. नकाशे गुंडाळायला मदतीला घेतले. दोघांचे हात कामात, नजरा नकाशावर. मग हळूहळू कळले, की घरी जीनच्या पँटींचे सुटे धागे कापायचे काम येते, नगावर पैसे मिळतात, आणि रात्री अकरापर्यंत सगळे घर कात्री चालवते. ‘मास्तरांना बसून पगार मिळतो’ हे वाक्यही घरीच ऐकलेले. बाई म्हणाल्या, ‘‘तू दमतोस, हे मला ठाऊक नव्हतं. ते आता कळलं. पण तसं बोलायचं नाही, हेही तितकंच खरं. मग वहीचं काय करायचं, ते तू सांग.’’ प्रार्थनेआधी पंधरा मिनिटे लवकर येऊन वर्गातच वही पुरी करायची, असे ठरले. दुसऱ्या दिवशी वर्गात बाई एवढेच म्हणाल्या, ‘‘कालचं आम्ही दोघांनी मिटवलंय.’’ वर्गालाही कळायला हवे होते, की ते बोलणे खपवून घेतलेले नाही.

मुलगा काही एका दिवसात संत झाला नाही. नंतरही दोनदा त्याची जीभ घसरली. पण तिसऱ्यांदा घसरण्यापूर्वी त्याने ती चावली, हे मी स्वतः पाहिले.

या प्रसंगात शिक्षकासाठी सगळे आले आहे. लागले ते स्पष्ट सांगावे, पण थोडक्यात. निवाडा वर्गाच्या चव्हाट्यावर करू नये. तिथे मुलाला माघार घ्यायला जागा उरत नाही. भांडणाला प्रेक्षक मिळाले, की दहा वर्षांचे पोरही हटत नाही, आणि पन्नाशीचे मास्तरही. बोलायची वेळ ठरवावी आणि ती पाळावी. कृत्याला नाव ठेवावे, मुलाला नको. आणि जी भरपाई करायची, ती मुलाकडूनच सुचवून घ्यावी. जबरदस्तीने वदवलेले ‘सॉरी’ ओठांवरच वाळते.

छडीचा हिशेब

‘छडी लागे छमछम’ ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीतले पालक अजूनही म्हणतात, ‘‘दोन ठेवून द्या सर, आमची ना नाही.’’ पालकांची ना नसली, तरी कायद्याची आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा देणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्ही मना आहे. वर्गासमोर जात, बाप, गरिबी काढून टोमणे मारणे हेही मानसिक छळापासून लांब नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे. मारलेले मूल गप्प बसते ते आपल्या तासापुरते. ते शिकते एवढेच, की ज्याच्या हातात जोर त्याचे म्हणणे खरे. मधल्या सुट्टीत तोच धडा ते धाकट्या मुलांवर गिरवते. आणि आधीच शाळेचा कंटाळा आलेले मूल असेल, तर अशा एका दुपारनंतर दप्तर घेऊन जाते ते परत येत नाही. आमच्या भागात बारा-चौदा वर्षांच्या हातांना काम देणारे पुष्कळ आहेत.

एकदा सातवीच्या वर्गात मी मुलांनाच विचारले, ‘‘टरफलांच्या गोष्टीतले गुरुजी तुम्ही असता, तर काय केलं असतं?’’ उत्तरे ऐकण्यासारखी होती. एक म्हणाला, ‘‘आधी खाल्ल्या कोणी ते शोधलं असतं.’’ दुसरा म्हणाला, ‘‘खरं बोलला म्हणून सोडून दिलं असतं.’’ मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली. म्हणाली, ‘‘सर, मी आधी दोन टरफलं स्वतः उचलली असती. मग सगळ्यांनी उचलली असती. त्यानंपण.’’

त्या मुलीने साने गुरुजींचे चरित्र वाचलेले नव्हते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात गुरुजी शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळत. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते न बोलता आवरून ठेवत, अंथरुणांच्या घड्या घालत, कंदिलांच्या काचा पुसत. काही दिवसांत मुलांना लाज वाटू लागली आणि खोल्या आपोआप नीट राहू लागल्या. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढून ते मुलांशी रोज बोलत. ओरडण्याची गरजच पडू नये, एवढे ते आधीच बोलून ठेवत.

गुजरातेत भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात एका प्रयोगशील शिक्षकाचे वर्ष रंगवले आहे. पहिल्या दिवशी तो चौथीच्या मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि मुले त्याची पार दाणादाण उडवतात. दुसऱ्या दिवशी तो छडी आणत नाही, गोष्ट सांगायला घेतो. याच गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात नेली. ‘ही मुले ऐकतच नाहीत’ असे म्हणण्याआधी आपण त्यांच्याकडे किती पावले गेलो, ते यातून ताडून पाहता येते.

शिक्षकाच्याही बाजूने

एवढे वाचून एखादे शिक्षक म्हणतील, ‘‘लिहायला सोपे आहे, आमच्या वर्गात येऊन बघा.’’ ते चूक नाहीत. पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, असे कायदा म्हणतो. पण भरलेला वर्ग, शाळाबाह्य कामे आणि आता मुलांच्या खिशातला मोबाइल, यांच्यामध्ये शिक्षकाचा जीव मेटाकुटीला येतो. आणि शिक्षकालाही मन असते. दहा वर्षांच्या पोराने सगळ्यांसमोर तोडून बोलले, की घरी जेवण जात नाही, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळते.

म्हणून सहनशीलतेलाही कड असावी. शिवीगाळ, अंगावर धावणे, दुसऱ्या मुलाला इजा करणे हे मधल्या सुट्टीपर्यंत थांबवायचे विषय नव्हेत. तिथे मुलाला वर्गापासून बाजूला घेणे, मुख्याध्यापकांना कळवणे, त्याच दिवशी पालकांना बोलावणे आवश्यक आहे. पण पालकांना बोलावताना तक्रारीचा पाढा वाचू नये. ‘‘अलीकडे घरी काही झालंय का?’’ एवढाच प्रश्न आधी विचारावा. पुष्कळ कुलुपे या किल्लीने उघडतात. अशा वेळी शिक्षकाला एकटे पाडायचे नाही, ही जबाबदारी शाळेची. ‘तुम्हाला वर्ग सांभाळता येत नाही’ असे मुख्याध्यापकांनी म्हटले, की दुसऱ्या दिवशी शिक्षक मुलांवर त्याचा वचपा काढतात.

आणि शेवटी पालकहो, थोडे तुमच्याशी. बदलापूरची पहाटेची लोकल पकडणारे आई-बाप रात्री घरी येतात तेव्हा मूल पेंगुळलेले असते. दिवसभर गळ्यातल्या किल्लीने दार उघडून एकटे राहिलेले ते मूल आपला सगळा राग, सगळा हट्ट शाळेत घेऊन येते, कारण ऐकायला माणूस तिथेच असते. तुम्ही दमलेले असता, हे खरेच. तरी जेवताना मास्तरांचा विषय निघाला, तर जिभेला जरा आवर घाला. तक्रार असेल तर शाळेत येऊन आमच्या तोंडावर करा, आम्ही ऐकू. आणि मुलाने कधी सांगितले, की ‘‘आज सर माझ्याशी चुकीचं वागले,’’ तर त्याला गप्प करू नका आणि लगेच तावातावाने उठूही नका. ‘‘तू काय म्हणालास? मग सर काय म्हणाले?’’ असे शेवटपर्यंत ऐकून घ्या. समोरच्याचे ऐकून घ्यायचे असते, हे त्याला त्याच वेळी कळेल. दुसऱ्या दिवशी वर्गात तो तसेच करून पाहील.