भरलेलं अंग, रिकामा लोहसाठा

‘चांगली खात्यापित्या घरची आहे, हिला कसलं रक्त कमी?’ असं म्हणत अंगाने भरलेल्या मुलीची तपासणी पुढे ढकलली जाते. तिचं दमणं, जिन्यावर धाप लागणं, अभ्यासात लक्ष नसणं हे सगळं आळसाच्या खाती जमा होतं. हा त्या मुलीवर अन्याय आहे. लठ्ठ किशोरवयीनांच्या रक्तात लोह कमी आढळतं, हे जाँ मायर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १९६२ सालीच नोंदवलं होतं.

चिप्स-बिस्किटांत उष्मांक भरपूर, लोह नाममात्र. त्यात वाढीचं वय आणि मुलींची पाळी. पण एवढ्याने उलगडा होत नव्हता. तो झाला हेप्सिडिनमुळे. २००० च्या सुमारास सापडलेलं हे यकृतातलं संप्रेरक अवघ्या २५ अमिनो आम्लांचं. आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात उतरतं ते फेरोपोर्टिन या प्रथिनाच्या दारातून. हेप्सिडिन त्याला चिकटलं की पेशी ते प्रथिनच नष्ट करते आणि दार बंद होतं. अडकलेलं लोह, काही दिवसांत पेशी झडली की, शौचावाटे निघून जातं. जंतुसंसर्गात ही युक्ती कामाची, कारण जंतूंनाही लोह हवं असतं. वाढलेल्या चरबीत मात्र सौम्य दाह कायमचाच असतो. त्यातून निघणारं इंटरल्युकिन-६ यकृताला हेप्सिडिन बनवायला लावतं. जंतू नाहीत, तरी दार बंद!

म्हणून नुसतं लोह वाढवून भागत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत आणि मोरोक्कोतल्या मुलांना लोहयुक्त अन्न दिलं, तेव्हा जास्त वजनाच्या मुलांचा लोहसाठा तुलनेने कमी सुधारला. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी त्यांना हवीच. पण लठ्ठ मुलीला ती पुरतेय का, हे पाहायला हवं.

तिथे फेरिटिनचा रिपोर्ट चकवतो. हे प्रथिन लोहसाठा दाखवतं, पण दाहातही वाढतं. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेची कमतरतेची सीमा निरोगी किशोरांसाठी लिटरला १५ मायक्रोग्रॅम, तर दाह असल्यास ७० आहे. म्हणजे ४० चा आकडा ‘नॉर्मल’ छापून येईल आणि साठा रिकामा असू शकेल. फेरिटिनसोबत दाह दाखवणारी सीआरपी ही रक्तचाचणीही करा, असा आग्रह पालकांनी डॉक्टरांकडे जरूर धरावा. वजन उतरलं तर हेप्सिडिनही उतरतं. सहा महिन्यांच्या वजन-नियंत्रणानंतर लठ्ठ मुलांत लोहाचं शोषण सुधारल्याचं संशोधकांनी पाहिलं आहे.